भिलाईत सँडविच कुठे खावं

भिलाई,
८ डिसेंबर १९६३

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. नलू आणि जावईबुवा केवलराम बरे आहेत. थंडी पडली आहे, पण पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या बाजूने वारा आला की ती जाणवत नाही; लाल धूळ तेवढी जाणवते. तुमच्या खोकल्याबद्दल तुम्ही कधी लिहीत नाही, म्हणून मी विचारत नाही.

तुमच्या पत्रात एकच प्रश्न आहे. आपल्या गावचा तेजराम दिवाळीला इथून तुमसरला आला, त्याने भिलाईच्या सँडविचची तारीफ केली. गिरणीच्या कामाने तुम्ही जानेवारीत दुर्गला येणार आहात. तरी हे सँडविच भिलाईत सर्वांत चांगलं कुठे मिळतं ते सविस्तर कळवावं.

बाबा, तुम्ही आयुष्यात डबलरोटीला हात लावलेला नाही. ताप आलेल्याला चहात बुडवून द्यायची वस्तू, असं तुम्हीच म्हणत आला आहात. आणि तेजरामने ते कुणाच्या हातचं खाल्लं हे तुम्हाला सांगितलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. तो नलूच्या दुकानाशिवाय कुठे खातच नाही. म्हणजे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ते मी लिहावं, आणि परक्या माणसाला लिहावं तसं लिहावं, असं तुमचं म्हणणं दिसतं.

लिहितो. पण आधी एक गोष्ट लिहून टाकतो. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा नियम मला माहीत आहे. आजोबांनी पाळला, तुम्ही पाळता. नलूच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. दर खेपेला तुम्ही दुर्गच्या धर्मशाळेत उतरता, कॅम्प-१ मध्ये तिच्या दारात येऊन बाकावर बसता, बरोबर आणलेल्या तांब्यातलं पाणी पिता, आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठता. आत तिची चूल पेटलेली असते. तुम्ही गेल्यावर तुमच्या वाटचं मला जेवावं लागतं. हॉस्टेलातून सायकल मारत मी त्यासाठी येतो. माझं पोट सुटलं आहे, आणि त्याचं कारण तुमचा नियम आहे.

विकत घेतलेलं अन्न घरचं नव्हे. दुकान रस्त्यावर आहे, घर मागच्या गल्लीत. तुम्ही ही वाट शोधलीत हे माझ्या लक्षात आलं. वाट चांगली आहे. सरळ लिहिली असती तर मला जास्त आवडली असती.

आता सँडविच.

ही इथली जुनी वस्तू नाही. इथे जुनं काहीच नाही. रशियन साहेब लोक डबलरोटीच्या एका कापावर काहीतरी ठेवून उभ्याउभ्या खातात, ते आपल्या लोकांनी पाहिलं. वरून उघडं अन्न या धुळीत खाणार कसं, म्हणून कुणीतरी वर दुसरा काप ठेवला. आत आलूची भाजी आली, कांदा आला, आणि इथल्या छत्तीसगढी बायका करतात ती पतालाची, म्हणजे टमाटरची, चटणी आली. आता पाळी सुटली की अर्धी भिलाई हेच खाते.

पॉवर हाऊस स्टेशनला उतरा. बाहेर समोरच हिरालालचं हॉटेल आहे. पाटी मोठी आहे. तिथे खाऊ नका. त्याची भाजी सकाळची असते आणि चटणीत तो चिंच घालतो, कारण चिंच टिकते. गाडी चुकलेले लोक तिथे खातात.

खुर्सीपारला फकिराची गाडी आहे. चटणी चांगली, हात सढळ. पण तो ताजी डबलरोटी वापरतो. ताजी डबलरोटी तव्यावर बसते आणि तेल पिते. सँडविचला कालची लागते. हे त्याला तिघांनी सांगून पाहिलं. तो म्हणतो, गिऱ्हाइकाले शिळं देऊ का. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

कॅम्प-१ च्या बाजारात पाण्याच्या टाकीपाशी तिसरं दुकान. टिनाचं छप्पर, पुढे निळा पडदा. चटणीसाठी टमाटर निखाऱ्यावर साल काळी होईपर्यंत भाजलेले, मिरची-लसूणही भाजलेले, सगळं पाट्यावर वाटलेलं, हिरव्या सांबाराची पानं चिरून वरून. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. कालच्या डबलरोटीचे दोन काप, मध्ये भाजी, आणि तव्यावर ठेवून वरून लोखंडाचा ठोकळा. ठोकळ्याने ते इतकं दबतं की धरल्यावर सांडत नाही. सायकल चालवत खाता येतं. भिलाईतलं सर्वांत चांगलं सँडविच हे आहे. दुकान तुमच्या मुलीचं आहे.

दुपारी दोनचा भोंगा होऊन गर्दी ओसरली की जा. त्याआधी ती कुणाशी बोलत नाही.

तिला मी सांगितलं की बाबा दुकानावर येतील, पैसे देतील, तू घे. ती म्हणाली, "बाबाच्या हातून पैसे कावून घेऊ मी? तेजरामकडून घेतो, रशियनाकडून घेतो. बाबाकडूनबी घेतले तर मंग लेक कोणाची आहो मी?" मी म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "एका दिवसाचाच आहे, त मंग घरी येऊन जेवा म्हण." पुढे ती आलू सोलत राहिली. मी वाद घातला नाही. तुम्ही पैसे पुढे कराल तेव्हा ती घेईल, असं मी धरून चाललो आहे.

मागच्या हिवाळ्यात तिने दुकान बराच काळ बंद ठेवलं होतं. तिला विषमज्वर झाला असं मी तुम्हाला कळवलं, आणि तुम्ही तेजरामबरोबर चिन्नोरचे तांदूळ पाठवलेत. त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. या पत्राचा विषय सँडविच आहे.

स्वेटर घेऊन या. तांब्या आणला नाहीत तरी चालेल.

तुमचा,
शामसुंदर

भिलाई,
१९ जानेवारी १९६४

ती. बाबा,

नमस्कार. संक्रांत झाली. नलूने तीळगूळ केला. तुम्हाला पाठवत नाही. तुम्ही खाणार नाही, आणि डब्यात मुंग्या होतील.

तुमचं कार्ड मिळालं. 'हिरालालकडचं खाल्लं. चटणी आंबट होती. पुढच्या खेपेस फकिराकडे जाईन.' एवढंच आहे.

मी तुम्हाला चार पानी पत्र लिहिलं. त्यात एका ठिकाणी खाऊ नका असं लिहिलं होतं. तुम्ही तिथेच खाल्लंत.

दुकानावर काय झालं ते मला केवलरामांनी सांगितलं. ते पाळी संपवून तिथे उभे होते. त्यांनी सांगितलं ते असं. चुकलं असेल तर कळवा.

तुम्ही भोंग्यानंतर गेलात. नलूने ठोकळा तापवला. पळसाच्या पानावर सँडविच ठेवून तुमच्यापुढे केलं. तुम्ही खिशातून नाणं काढलंत. ती म्हणाली, "ठेवा जी ते." तुम्ही नाणं फळीवर ठेवलंत. तिने ते उचलून तुमच्या कोटाच्या खिशात घातलं. तुम्ही पुन्हा काढलंत. शेजारी एक छत्तीसगढी म्हातारा खात होता, तो म्हणाला, "सियान देवत हे, त ले ले ओ बाई." म्हणजे वडीलधारा माणूस देतो आहे, तर घे. लोक हसले. नलू हसली नाही.

तुम्ही म्हणालात, "पैसे घेत नसशील त मी खात नाही."

ती म्हणाली, "मी का हॉटेलवाली आहो का तुमची?"

"आता त दुकानावरच उभी आहेस ना."

"मंग घरी चला ना जी, बाबा. तिथं उभी नाही राहणार, बसून वाढीन."

तुम्ही पान त्या म्हाताऱ्याच्या हातात दिलंत, तांब्या उचललात आणि स्टेशनकडे चालू लागलात. म्हाताऱ्याने ते खाल्लं. केवलराम म्हणतात, त्याने दोनदा मान हलवली आणि पैसे द्यायला तो विसरला नाही. त्याचे तिने घेतले.

त्या संध्याकाळी मला तुमच्या वाटचं जेवावं लागलं नाही. तिने चूलच पेटवली नव्हती.

तुम्हा दोघांच्या मध्ये उभं राहून माझे पाय दुखले आहेत. तुम्ही म्हणता पैसे घे, ती म्हणते घरी ये. तुम्हाला ती हट्टी वाटते, तिला तुम्ही दगड वाटता, आणि मला दोघांना पत्रं लिहावी लागतात. ती तर मैलभरावर राहते, तरी तुमच्याबद्दल बोलायचं असलं की चिठ्ठीच पाठवते. तेव्हा जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते आता लिहितो. हे तिला न विचारता लिहितो आहे. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणं सोडेल, आणि ते बरोबरच होईल.

मागच्या हिवाळ्यात तिला विषमज्वर झाला नव्हता. तिला मुलगी झाली होती.

आधी दोनदा पोटातच गेलं होतं. तेही तुम्हाला माहीत नाही. म्हणून या वेळी तिने कुणाला कळू दिलं नाही. आई असती तर नलू बाळंतपणाला तुमसरला आली असती आणि काहीच लपलं नसतं. इथे केवलराम, शेजारची गयाबाई आणि मी. मुलगी झाली तेव्हा मी म्हटलं, बाबांना तार करतो. ती म्हणाली, "नको करू. बारशाले बोलावू. बारसं आहे असंही नको लिहू, नुसतं या म्हण. आले की बाकावर बसतीन, तांब्या काढतीन. मंग मी पोरगी मांडीवर देतो त्यांच्या, अन् पान वाढतो." हे सांगताना ती हसत होती. तुमचे चिन्नोरचे तांदूळ त्या पानासाठी तिने बाजूला काढले होते. विषमज्वराचं तिनेच मला लिहायला लावलं होतं, तुम्हाला शंका येऊ नये म्हणून. तुम्ही तांदूळ पाठवले ते आजारी मुलीला. ते आले तेव्हा घरात आनंद होता.

मुलगी बारशाआधीच गेली. रात्री दूध प्यायली, सकाळी उठली नाही. डॉक्टरांनी काही नाव सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही. नाव ठेवायचं राहिलं, म्हणून आमच्यात तिला 'ती' म्हणतात. रंग केवलरामांचा होता. कान तुमचे होते, बाहेर आलेले. गयाबाई म्हणाली होती, टोपडं घातलं की दिसणार नाहीत.

तेव्हा मी नलूला म्हटलं होतं, बाबांना आता तरी सांगू. मूल झालं, म्हणजे नियम फिटला; ते घरी जेवतील, तेवढं तरी होईल. ती खाटेवर होती. म्हणाली, "मेलेल्या लेकराच्या भरोशावर बाबा माह्या घरी जेवाले बसला, त मले तो घास पाह्यवणार नाही. माह्यासाठी जेवत असतीन त जेवू दे. नाही त नको."

मी वर्षभर गप्प बसलो. तुम्ही बाकावर बसलात, तांब्यातलं पाणी प्यायलात, आणि मी ते पाहिलं. ती आतून पाहत होती. त्या वेळी मला तुमचा राग आला नाही, कारण तुम्हाला माहीत नव्हतं. हिरालालकडे खाल्ल्याचं कार्ड वाचून मात्र आला.

आता मी सांगतो तसं करा. चैत्रात तुम्ही पुन्हा दुर्गला येणार आहात. पॉवर हाऊसला उतरा. हिरालालकडे पाहू नका. फकिराकडे जाऊ नका. दुकानावरही थांबू नका. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत शिरा. तुम्हाला घर माहीत आहे. बाकावर बसू नका. चपला काढा आणि आत या. तिला म्हणा, भूक लागली आहे. दुसरं काही बोलू नका. कारण सांगू नका, माझं नाव घेऊ नका, रडू नका. ती थोडा वेळ नुसती पाहत राहील. पाहू द्या. मग ती भाताचं आधण ठेवील. ते तांदूळ अजून तिच्याकडे आहेत; डब्याला हात लावू देत नाही.

तुमचा नियम मोडणार नाही. तो मागच्या हिवाळ्यातच पुरा झाला आहे. पण तिला तो मोडलेला दिसू द्या. बापाने आपल्यासाठी नियम मोडला, असं तिला आयुष्यभर वाटू द्या. हे खोटं तुम्हाला बोलावं लागणार नाही, नुसतं जेवावं लागेल.

पाणी तिच्याच माठातलं प्या.

सँडविच नंतर कधीतरी खा. ती पैसे घेणार नाही.

तुमचा मुलगा, आणि 'ती'चा मामा,
शामसुंदर