जानकीआत्यावरचा आळ

प्रिय उन्नती,

आधी खाली बस. हे उभ्यानं वाचू नकोस, आणि ऑफिसात असशील तर पाकीट तसंच पर्समध्ये टाक आणि खोलीवर गेल्यावर उघड. फोनवर मला हे बोलताच आलं नसतं. एक तर दोन वर्षांत तू माझा फोन मोजून चार वेळा उचललास, त्यातले दोन वाढदिवसाचे. आणि उचलला असतास तरी मी मध्येच रडले असते, नाहीतर तुझ्यावरच ओरडले असते. माझा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणून सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून लिहायला बसले. बातमी अशी की येत्या रविवारी दिघाशीत जानकीआत्याला तिच्या राहत्या घरातून बाहेर काढणार आहेत. का, तर म्हणे ती चेटकीण आहे. हो, तोच शब्द. तुझ्या बाबांची सख्खी आत्या, बहात्तर वर्षांची बाई, आणि हे ठरवलं कुणी, तर आपल्याच घरच्या माणसांनी, चहात बिस्किटं बुडवत.

कसं झालं ते नीट सांगते. तुझा चुलतभाऊ धनेश गोडाऊन बांधतोय. अंबाडी रोडला आता शेत कमी आणि गोडाऊनच जास्त दिसतात, मग त्यालाही हवंच. मागची सगळी जमीन त्याच्या नावावर झाली, पण रस्त्याकडची जागा आत्याची. ती विसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली तेव्हा तिच्या बापानं घरासकट तिच्या नावावर करून दिलेली. ती सोडल्याशिवाय आत कंटेनर जात नाही आणि आत्या सही करत नाही. वर्षभर विनवण्या झाल्या, मग धमक्या झाल्या. त्यातच धनेशच्या बायकोचं दुसऱ्यांदा पोट पडलं. बिचारी पोर आधीच खचलेली. कुणीतरी कुठूनसा भगत आणला, त्यानं तांदूळ टाकले आणि सांगितलं की घरातल्याच पांढऱ्या कपाळाच्या बाईचं हे काम. पांढऱ्या कपाळाची बाई दुसरी आहेच कोण! त्या दिवसापासून सामाईक नळावर आत्याचा हंडा लावू देत नाहीत. आपल्या भाविकच्या लग्नात धवले, लग्न लावायची गाणी, तिनं गायची ठरली होती, तीही रद्द झाली. गेल्या रविवारी घरातल्यांची बैठक बसली आणि तिला आठ दिवसांची मुदत दिली. सामान बांध आणि वज्रेश्वरीला जाऊन राहा म्हणाले, तिथे कुठेतरी खोली बघून देऊ. देवाच्या दारात ठेवतोय म्हणजे पुण्यच करतोय, असा आव.

तो शब्द मी त्या बैठकीत ऐकला आणि मला तू दिसलीस. तुझा तो व्हिडिओ गं. पुण्यातल्या कुठल्याशा गच्चीवर तुम्ही बायका गोल करून बसलेल्या, मध्ये परातीत निखारे, केस मोकळे, तळहात कुंकवानं लाल. एकेक जण कागदावर काहीतरी लिहून आगीत टाकत होती. कुणी नवऱ्याचं नाव, कुणी काकाचं, एकीनं तर तिच्या साहेबाचं. आणि शेवटी तू कॅमेऱ्यात बघून म्हणालीस, हो, मी चेटकीण आहे, ज्या बाईनं तुमचं ऐकलं नाही तिला तुम्ही हेच म्हणत आलात ना, मग घ्या, हा शब्द आता आमचा. दोन वर्षांपूर्वी आपल्या प्रितमच्या हळदीच्या दिवशी घरच्या ग्रुपवर तो आला. मांडवात पन्नास बायका, पन्नास फोन, आणि प्रत्येक फोनात माझी पोर. त्यात हितेशची आई समोर बसलेली, तुझं स्थळ तिच्याकडे जवळजवळ ठरलेलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या रात्री मी तुला फोन करून जे बोलले ते तुला पाठ असेल. घराची पायरी चढू नकोस म्हणाले. मी तेव्हाही हादरलेच होते, पण ते हादरणं आणि आताचं यात फार फरक आहे, हे मला परवा कळलं.

तुला आत्याबद्दल मी काय सांगावं, पण आज सांगू दे. माझं लग्न तिनं लावलं. भटजी होते, पण ते मागाहून. हळदीपासून सगळं तिच्या हातात. पांढरं लुगडं नेसून ती मांडवात बसली आणि गावदेवीपासून विहिरीतल्या आसरांपर्यंत एकेकीला नाव घेऊन, गाऊन गाऊन लग्नाला बोलावलं. मी अंबाडीची, आमच्याकडे धवले ऐकले होते, पण असा आवाज ऐकला नव्हता. माझी आई विधवा, म्हणून खांबाआड उभी होती. आत्यानं गाणं मध्येच थांबवलं, उठून गेली, तिला हाताला धरून आणली आणि पहिली हळद तिच्या हातानं मला लावायला लावली. कुणाची हूं की चूं करायची हिंमत झाली नाही, कारण धवले गाणारी धवलारीण गप्प बसली तर लग्न पुढे सरकत नाही. माझी आई मरेपर्यंत ते सांगायची. हे सगळं ज्या बाईनं माझ्यासाठी केलं तिला परवा मांडवाच्याच जागी खाली जमिनीवर बसवलं होतं आणि धनेश प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

तू मे महिन्यात तिच्याकडेच असायचीस. मी जनगणनेच्या नाहीतर निवडणुकीच्या ड्युटीवर, बाबा गाडीवर. तुझी पहिली पाळी दिघाशीलाच आली. मी इथून फोनवर बजावलं की तिला देवाजवळ जाऊ देऊ नका, बाजूला बसवा. आत्यानं काय केलं? तुला न्हाऊ घातलं, गुळाची खीर केली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या लग्नात स्वतःच्या मांडीला मांडी लावून मांडवात बसवलं, ही आज माझी जोडीदारीण म्हणून. मी केवढी भांडले होते तिच्याशी! शाळेतली मास्तरीण मी, पोरांना विज्ञान शिकवणारी, आणि जादूटोण्याच्या कायद्यावर दरवर्षी भाषण ठोकणारी. तिनं फक्त एवढंच म्हटलं, बाय गो, ज्याच्यातून माणूस येतं ते वंगाळ कसं हुईल? मी फोन आपटला होता.

बैठकीत काय झालं ते ऐक. धनेश उभा राहिला आणि म्हणाला की आम्हाला कुणी अडाणी म्हणू नये, भगताचं राहू द्या बाजूला. या घरातल्याच एका शिकल्यासवरल्या बाईनं दोन वर्षांपूर्वी चारचौघींत सांगितलं होतं की ही म्हातारी पोरींवर करणी करते. तेव्हा आपण लक्ष दिलं न्हाय, आता भोगतोय. त्यानं नाव घेतलं नाही. पण चार बायकांनी माना हलवल्या, हो हो, आम्ही ऐकलंय म्हणून. तुझे बाबा मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. केसरीनाथ म्हात्रे, पंचक्रोशीत कुणाच्या भांडणात मध्ये पडायला मागेपुढे न बघणारा माणूस, स्वतःच्या आत्यासाठी तोंड उघडेना. आणि मी? वर्गात साठ पोरांना गप्प करणारी तुझी आई, माझी दातखीळ बसली. आत्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि फक्त विचारलं, भाविकच्या लग्नात धवले म्हणायला कोनाला सांगितलाव? डीजे हाय, असं कुणीतरी म्हणालं आणि हसलं.

काल सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून एसटीनं दिघाशीला गेले. आत्या सामान बांधत नव्हती. भाकऱ्या थापत होती. मला बघून तिनं पाट सरकवला आणि सुकटीचं कालवण वाढलं, आणि मी निमूटपणे जेवले, कारण तिच्यासमोर ताट नाकारायची कुणाची छाती आहे? मग तिचा फोन वाजला. त्यावर तुझा फोटो! अगं, मी घास गिळायची विसरले. तिनं तो उचलला नाही, नंतर बोलंन म्हणाली. मी विचारलं तर म्हणे दर इतवारी बोलतो आमी, आन पुनवेला तिच्या बायका जमतान तवा मी फोनवरनं गातो. पुण्यात गच्चीवर तुमच्या बायका आणि इकडे चुलीपाशी ही, स्पीकरवर! गेलं दीड वर्ष! माझ्याच घरच्या माणसांत, माझ्या नाकाखाली, आणि मला पत्ता नाही. मी ज्याला भलतंच थेर म्हणत होते, पुस्तकात वाचून नाहीतर परदेशातलं बघून शिकलेली असेल म्हणत होते, ते सगळं आत्याच्या अंगणातून गेलेलं निघालं. गोल बसणं, तिन्हीसांजेचे निखारे, नाव घेऊन घेऊन बाईला बोलावणं, बाईच्या हातानं लग्न लागणं. आत्याला चेटकीण वगैरे काही माहीत नाही. पोरी दुःख सांगतान, मी गातो, त्यांना बरा वाटतो, एवढंच ती म्हणाली. धनेशला हे तिनं सांगितलेलं नाही. तुलाही बैठकीचं सांगितलेलं नाही, पोर धावत येल आन तिच्यावर शेकंल म्हणून.

आता जे लिहायचं ते लिहिते. मघापासून चार वेळा पेन खाली ठेवलं. धनेश म्हणाला ती शिकल्यासवरली बाई म्हणजे मी. प्रितमच्या हळदीत तुझा व्हिडिओ हातोहात फिरत होता, हितेशच्या आईनं सगळ्यांच्या देखत विचारलं की तुमच्या पोरीला हे कुणी शिकवलं, आणि मी म्हणाले, माझी पोर अशी नव्हती हो, लहानपणी जानकीआत्याकडे ठेवायची तेच चुकलं, तिनंच काहीतरी केलं हिच्यावर. शपथेवर सांगते, विचार केला नव्हता. तुझ्यावरचं बोट दुसरीकडे वळावं एवढंच होतं, आणि समोर जी एकटी, जिच्यामागे कुणी नाही, ती दिसली. सगळे ज्या बाईकडे बोट दाखवतात तिच्याकडेच माझंही गेलं. बायकांनी च् च् केलं आणि तुझ्याबद्दल त्यांना लगेच कळवळा आला. स्थळ मोडायचं ते मोडलंच. वाक्य मात्र गावात राहिलं, मास्तरीणबाई बोलल्या म्हणजे खरं असणार, अशा भावात. बैठकीत माझं तोंड का उघडलं नाही ते आता तुला कळलं असेल.

काल मी आत्याच्या पायावर डोकं ठेवून सांगितलं. तिला हळदीच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं! दोन वर्षं ती मला गणपतीला नारळ देत होती, माझ्या गुडघ्याला तेल पाठवत होती, सगळं माहीत असून. मला ठेवून दोन मुस्काटात द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, पोरीला वाचवाया बोललीस, आयच होतीस, जाऊ दे. मला असं माफ केलेलं सहन झालं नाही, मी तिथून उठून निघून आले. बसमध्ये बायका माझ्याकडे बघत होत्या एवढी रडले.

म्हणून हे पत्र. उद्या मी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देणार आहे, भगताविरुद्ध आणि धनेशविरुद्ध, आणि त्यात तिसरं नाव माझं लिहिलं आहे. तुझ्या बाबांना काल दाखवली. ते म्हणाले, मला या वयात गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार आहेस की नाही. रविवारी तिला काढायला सगळे पुन्हा जमतील तेव्हा मी एकटी उभी राहून सांगणार आहे की मी खोटं बोलले. मग ते मला काय म्हणतील हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणू देत. तू ये असं मी म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. पण हे तुला आधी कुठूनही कळायला नको, माझ्याकडूनच कळायला हवं. आणि एक कर. हे वाचून तू आत्याला फोन लावशील, लावशीलच. ती सांगेल की रंजिता असं काही बोललीच नाही, लोक काहीही उठवतात. अगदी गळ्याशपथ सांगेल. तिचं ऐकू नकोस, उन्नती. मी बोलले होते.

तू मानलंस तर तुझीच,
आई