बिबड्यांवरची चमक

माय, आज शेठजींच्या पांढऱ्या बाहीला काहीच लागलं नाही. ही गोष्ट आधी तुला सांगायची होती. आता बाकीचं सावकाश लिहिते.

तू गेलीस त्यालाही आता वीसेक वर्षं झाली. तुझ्याच अंगणात मी कागद करते, हे तू पाहिलेलं नाहीस. घड उतरवल्यावर केळीची खोडं कापून बांधावर टाकतात ना, त्यांचे धागे काढायचे, शिजवायचे, कुटायचे, जुन्या सुती चिंध्यांच्या लगद्यात मिसळायचे आणि जाळीवर त्याचा कागद उचलायचा. त्यावर अभ्रकाची पूड चढवली की कागद उन्हात धरल्यावर चमचमतो. त्याच्या लग्नपत्रिका होतात, आहेराच्या पुड्यांना बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्या होतात. माझ्याबरोबर गल्लीतल्या चार बायका आहेत. पाचवी आपली भिंतीपलीकडची काकू. ती काम कमी करते आणि हुकूम जास्त सोडते.

शहाद्याला पत्रिकांचं दुकान असलेले एक शेठजी आहेत. त्यांनी घेतला तर आमचा कागद चालेल, नाहीतर चार जणी पुन्हा शेतात निंदणीला जातील, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या खेपेला त्यांनी कागद हातात घेतला, उलटापालटा केला, "वा" म्हणाले आणि मग तो स्वतःच्या बाहीवर घासला. बाही चमकायला लागली. "ताई, कागद फस्टक्लास," ते म्हणाले, "पण पत्रिका वाचून व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला तर? लग्नाआधीच मिशा चमकतील!" दुकानातले सगळे हसले, मीही हसले. परत येताना बसमध्ये मात्र मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. दुसऱ्या खेपेला डिंक घालून नेला, तर घडी घालताच तो तडकला. शेठजी या वेळी हसले नाहीत. "आणखी एकदा आणा," म्हणाले. "त्यानंतर मी मशीनचा माल मागवतो."

मग मी काय काय केलं! खळ घट्ट केली तर चमक मेली, पातळ केली तर पूड बोटांना यायची. वाळवायला घातलेला कागद कापडाला चिकटून फाटायचा तो वेगळाच. एकीने तर घरून निंदणीचा विळा धुऊन आणून कोपऱ्यात ठेवला होता, तो मला दिसायचा.

अशात काकूने वर्षाचे ज्वारीचे पापड, बिबडे घातले. खाटेवर ओलं धोतर पसरलेलं, शेजारी पातेल्यात ज्वारीचं शिजवलेलं पीठ, आणि काकू ओल्या तळव्याने एकेक बिबडा थापते आहे. थापता थापता ती बायकांना सांगते, "हिन्ही मायना बिबडा चमकेत, माहीत शे का? मन्ही नवी साडी दोरीवर व्हती, तिन्ही चमकी पडनी. धुई, पुशी, तेलमा सोडी, तरी निंघनी नही!"

बायका हसल्या. मला मात्र हातातला ब्रश खाली ठेवावा लागला. तेलात सोडली तरी निघाली नाही!

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सात-आठ वर्षांची आहे. सारंगखेड्याची यात्रा उठून गेली की घोड्यांच्या झुली आणि गोंडे विकणारे जिथे बसायचे तिथली माती मी चाळत बसायचे. सांडलेल्या चमकीचा चुरा वेचून काडेपेटीत भरायचे. फाल्गुनात तू मावशीच्या लग्नासाठी बिबडे घालते आहेस. लग्नात सगळंच चमकतं, मग बिबड्यांनीच काय केलंय, असं मला वाटतं. तू पाणी आणायला आत जातेस. मी काडेपेटी पिठात रिकामी करते आणि बोटाने ढवळते. घाईत तुझ्या काही लक्षात येत नाही. संध्याकाळी तू धोतर उलटं करतेस, मागून पाणी शिंपडतेस, बिबडा अलगद सोडवतेस आणि उन्हाकडे धरतेस.

"हाई काय शे वं?" तू विचारतेस.

 मी फक्त वर पाहिलं, माय. वर दोरीवर काकूची नवी साडी होती.

पुढचं भांडण अख्ख्या गल्लीने ऐकलं. "तुन्ही साडी तुन्हा दारमा टांग ना वं!" असं तू, आणि भिंतीपलीकडून काकू, "मन्ही साडी नवी शे! इतली झडाले ती काय घोडानी झूल शे?" झुलीचं नाव निघालं तेव्हा मी रिकामी काडेपेटी परकरात लपवली होती. तू एक बिबडा धुतलास, पदराने पुसलास, तळून पाहिलास. तो तसाच चमकत होता. पुढे वैशाखात आखाजीचा सण येईपर्यंत तुम्ही दोघी एकमेकींशी बोलला नाहीत.

तर परवा मी ज्वारीचं पीठ शिजवलं, त्यात अभ्रक घोटलं आणि ओल्या धोतरावर तळव्याने पातळ पसरलं. त्यावर ओला कागद अंथरला, दाबला आणि खाट उन्हात ओढली. संध्याकाळी सोडवायला बसले. "हात वला ठेव!" काकू ओरडली. "घाई करू नको!" धोतर उलटं केलं, मागून पाणी शिंपडलं, कोपरा धरला. कागद उठला, माय. पुरा, सलग, एकही चीर न जाता. बोट फिरवलं, बोट कोरडं. आम्ही सहा जणी आळीपाळीने आपापली बोटं उन्हात धरून बघत होतो. विळा आणणारीने तो उचलला आणि घरी ठेवून आली.

आज शहाद्याला काकूही हट्टाने आली. शेठजींनी कागद बाहीवर घासला. मग दुसऱ्या बाहीवर घासला, मग घडी घालून घासला. चष्मा काढून बाही डोळ्यांजवळ नेली.  "ताई," ते शेवटी म्हणाले, "माझ्या नातीचं लग्न आहे. पहिल्या पत्रिका तिच्या. नंतर दुकानाचं बघू, तुम्हाला उसंत मिळाली तर!"  काकू पुढे सरकली. "शेठ, हाई चमक मन्ही साडीनी शे!" शेठजींना काही कळलं नाही, पण त्यांनी हात जोडले. बसमध्ये ती रस्ताभर कंडक्टरलाही तेच सांगत होती, आणि मी या खेपेला खिडकीकडे नाही, तिच्याकडे बघून हसत होते.

एक गोष्ट आज उमगली. त्या आखाजीला माझी वेणी घालताना तू कमरेच्या पिशवीतून एक पुडी काढून माझ्या हातात दिली होतीस. प्रकाशा गावाहून आणलेली, चमकीची. "कागदवर लाव," म्हणालीस, "पीठमा नको." आणि लगेच पुरणपोळीचं ताट देऊन मला काकूकडे पाठवलंस. मी चमकीच्या आनंदात धावत सुटले होते. 'पीठमा नको' हे तू का म्हणालीस, ते कळायला मला इतकी वर्षं लागली.

आजच्या कागदाच्या कडा कापून उरलेल्या पट्ट्यांवर हे लिहिलं आहे. पाठवायचं कुठे? बिबड्यांच्या डब्यात, तळाशी ठेवते.

ती चमकी तिच्या साडीची नव्हती, हे काकूला मी अजून सांगितलेलं नाही. आज तिचा चेहरा पाहून तर मुळीच सांगवलं नाही. तूही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतंस ना, माय?