जोडव्यांची चांदी

प्रिय अश्विनी,

'प्रिय' लिहायचा हक्क उरलाय की नाही ठाऊक नाही, पण खोडलं तर कागद खराब दिसेल, म्हणून राहू दे. नंबर तू ब्लॉक केलास. आपल्या वर्गातली राजेश्वरी शनिवारी तुमच्या पुणतांब्याला येतेय, तिच्या हाती हे देतो.

कॉलेज सोडलं, पण मी गावी पाथर्डीला गेलो नाही. आई-दादा ऊसतोडीला गेलेत, घराला कुलूप. इथंच संगमनेरात सहादेवअण्णांच्या गलाईच्या दुकानात लागलोय. जुनी चांदी गाळून चोख करायची. तू हसशील. प्रॅक्टिकलला सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तू कोयता धर, परीक्षानळी तुझं काम न्हाई," म्हणून मी फ्लास्क आपटून निघालो, आणि आता दिवसभर तीच रसायनं हाताळतोय. जिन्यात तू एवढंच म्हणालीस की माफीची एक ओळ लिहून दे, वर्ष वाचेल. मी तुझ्यावरच ओरडलो. राग सरांचा होता की तू त्यांची बाजू घेतलीस असं वाटलं त्याचा, अजून कळत नाही.

चांदी तेजाबात विरघळली की पाणी निळं होतं. तो रंग तिच्यातल्या तांब्याचा. मग तांब्याची पट्टी सोडली की चांदी राखाडी चिखलासारखी तळाला बसते. आपण हे एका समीकरणात उरकलं होतं. अण्णांना समीकरण येत नाही. तो चिखल सात-आठ पाण्यांनी धुवायला लावतात. आपण दमलो म्हणून थांबायचं नसतं म्हणे, पाण्याचा निळेपणा गेला की थांबायचं. मगच मुशीत घालून वितळवायचा.

सोमवारी तुझा भाऊ आला, ज्ञानेश्वर. माझ्या तोंडाला फडकं होतं, त्यानं ओळखलं नाही. जुने वाळे आणि एक करंडा पुढं ठेवून अण्णांना म्हणाला, "घरात लगीन हाय. जोडवी करायचीत, चांदी चोख पाहिजे." लग्न कुणाचं, ते अण्णांनी विचारलं नाही. मी फडकं आणखी वर ओढलं.

आमच्या घरात जोडवी नवरीचा मामा आणतो. तुमच्यात कोण? नवऱ्याकडून असतील तर लग्न ज्ञानेश्वरचं. माहेरून असतील तर तुझं. अण्णांच्या बायकोला विचारलं, तर म्हणाली, घरोघरी वेगळं असतं रे, पण तुला कुणाला घालायचीत?

आता खरं लिहितो. त्या दिवशी मी दुसऱ्याच पाण्याला थांबलो. निळं दिसत होतं, तरी तसंच मुशीत ओतलं. मुद्दाम केलं की हातच चालेना, सांगता येत नाही. ती लगड ज्ञानेश्वर घेऊन गेला. तिच्यात तांबं राहिलंय. जोडवी काळवंडतील, बोटाला हिरवं लागेल. तुमचा सोनार येत्या बुधवारी घडवायला घेणार आहे, असं ज्ञानेश्वर अण्णांना सांगत होता; सोनाराला थांबव. अण्णांना मी सगळं सांगितलंय. ते म्हणाले, चांदी परत आली तर पुन्हा करून दे, नाही आली तर तू कामावर येऊ नकोस. कुणाच्याही पायात जाणार असो, मी नीट धुवून देईन. वहिनीसाठी असेल तर ज्ञानेश्वरला पाठव. तुझी असेल तर तू स्वतः घेऊन ये. भावासमोर मला बोलता येणार नाही. पण तू आलीस म्हणजे लग्न तुझंच; तेव्हा तू यावंस की येऊ नयेस, तेच मला कळेनासं झालंय.

तुझाच, निदान बुधवारपर्यंत,
आदिनाथ