भाऊजींची माती, माझा बांध

मी, उतारावरच्या चार एकरांची मालकीण, वय एक्याऐंशी, गुडघे सोडून बाकी सर्व ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की माझ्या पश्चात खालीलप्रमाणे वागावे.

१. राहते घर मुलाला. त्याला बांध मोडून शेताचा एकच सपाट तुकडा करायचा आहे, म्हणून जमीन त्याला नाही. घरात हवे ते सपाट करावे.

२. जमीन सुनेच्या नावे. नवरा गेला तेव्हा शेतात नुसता मुरूम उरला होता. मी एकटीच चर खणत होते. सून आल्यावर आठव्या दिवशी तिने विचारले, "आई, चर उताराला आडवे का?" मी म्हटले, "पळणाऱ्याला आडवं गेल्याशिवाय तो थांबतो का?" ती हसली आणि तिने कुदळ उचलली. बांधावरचे गवत उपटू नये, एवढीच अट.

३. धाकट्या दिरांचे शेत माझ्या वरच्या अंगाला. ते उताराच्या दिशेने सरळ नांगरत. मी म्हणाले, "भाऊजी, आडवं नांगरा." ते चारचौघांत म्हणाले, "वहिनी, आमचे बैल वाकडे चालत नाहीत." मला 'चरवेडी' हे नावही त्यांनीच दिले. मग दर पावसात त्यांची काळी माती वाहून माझ्या दगडी बांधाआड थांबू लागली. मी तिच्यात भुईमूग केला. त्यांनी पंचांकडे तक्रार नेली, "वहिनीनं माती चोरली." पंचांनी विचारले, "बोलावून नेली का?" त्यानंतर अकरा वर्षे अबोला.

पुढे त्यांची विहीर आटली. माझ्या विहिरीला मात्र चरांत मुरलेले पाणी होते. एका दुपारी ते बादली घेऊन कुंपणाशी उभे राहिले, मान खाली. मी म्हटले, "पाणी घ्या भाऊजी. बैल वाकडे यायला तयार असतील तर त्यांनाही आणा."

तरी त्यांची माती मी त्यांना परत देते. पाटीने, डोक्यावरून, चढाने न्यावी. न जमल्यास स्वतःच्या शेतात आडवे चर खणावेत. त्यासाठी माझी कुदळ त्यांना. दांडा नवा बसवला आहे.

४. कितीही भांडण झाले तरी माझ्या विहिरीचे पाणी दिरांच्या घराला कोणी अडवू नये. हे कलम थट्टेत घेऊ नये.

सही : चरवेडी

साक्षीदार :
१. माझी विहीर खणणारा. इथे पाणी लागणार नाही, असे त्यानेच छातीठोकपणे सांगितले होते.
२. धाकटी जाऊ. सही राजीखुशीने केली. नवऱ्याला अजून सांगितलेले नाही.

ठिकाण : विहिरीचा कठडा
दिनांक : ११ मे, भर दुपारी