कृपया बाकावर बसू नये

ती. वन्संना एकुलत्या एका भावजयीचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण कंबर धरली आहे. का, ते पुढे येईल.) तुमचा गुडघा आणि भावोजींचं पित्त कसं आहे? उत्तर सावकाश द्या, कारण मी सध्या भयंकर रागात आहे आणि राग निवायच्या आत हे पत्र लिहून संपवायचं आहे. तुम्ही गेल्या वर्षी येणार होतात, त्याबद्दलचा राग वेगळा. तो आज काढत नाही.

तर झालं असं, की आमच्या विमा ऑफिसातल्या साहेबांना अचानक समाजाचा कळवळा आला आणि समाज सुधारायला त्यांनी मला पाठवलं. तेही रविवारी. कोर्सचं नाव सोशल इनोव्हेशन (शुद्ध मराठीत सामाजिक नवोन्मेष, म्हणताना कवळी सांभाळावी). शिकवणाऱ्या गृहस्थांना आम्ही चिठ्ठीमास्तर म्हणतो, कारण कुणी काही बोललं रे बोललं की ते रंगीत चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवतात. मी म्हटलं, पंखा बंद आहे. तेही चिकटवलं. पंखा अजून बंदच आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की उत्तरामागे धावू नका, आधी प्रश्नाच्या प्रेमात पडा. मनात म्हटलं, माझा प्रश्न लग्नापासून घरातच आहे, प्रेमात पडायचं तेवढं राहिलंय.

आमच्या गटाच्या वाट्याला आला वृद्धांचा एकटेपणा. आता अभ्यासाला वृद्ध कुठून आणायचे? माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्याकडे एक आहेत. (स्वतःच्या हाताने पायावर धोंडा.) गट घरी आला आणि तुमच्या आईंनी काय सांगावं? या घरात त्यांच्याशी कुणी बोलत नाही आणि चहा गार मिळतो! हे सांगताना हातात माझ्याच चहाचा कप, त्यातून वाफा निघताहेत आणि बाई फुंकर मारमारून पिताहेत. गटातल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी. गटात आमच्या ऑफिसातला कॅशियरही आहे, तो तेव्हापासून माझ्याकडे असा बघतो की मी म्हातारीला कोंडून ठेवूनच कामावर येते. तुमचे बंधू शेजारीच पेपर वाचत बसले होते, पण एका शब्दाने बोलतील तर शपथ.

मग उपाय सुरू झाले. आधी मोबाइलमध्ये एक बटण आलं. ते दाबलं की एक बाई गोड आवाजात विचारायची, आज आपल्याला किती एकटं वाटतंय, एक ते दहा. आईंनी तिलाच दटावलं, "तू जेवलीस का ते सांग आधी." बटण बारगळलं. शेवटी सगळ्यांची डोकी थकली तेव्हा कुणीतरी म्हणालं, एक बाक ठेवू. ठेवला. आमच्या इमारतीच्या दाराशी, साधा लाकडी, वर पाटी: 'बसा, बोला'. आणि वन्सं, आई बसल्या! दुपारी चारला केस विंचरून खाली जायच्या. शेजारी औषधवाल्याची बायको, मग इस्त्रीवाला आणि मग तिसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर, ज्यांनी बायको गेल्यापासून दार उघडलं नव्हतं. माझ्या घरातलं सगळं चव्हाट्यावर आलं. मी केस रंगवते हे आता इस्त्रीवाल्याला ठाऊक आहे. पण खरं सांगू? आई रात्री गाढ झोपायला लागल्या आणि माझ्या भाजीत मीठ बरोबर पडायला लागलं.

आता माझ्या रागाचं कारण ऐका. आमच्या बाकाला पहिलं बक्षीस मिळालं! म्हणजे काय झालं, तर टेम्पो आला आणि बाक घेऊन गेला. मोठ्या हॉलमध्ये लाल गालिच्यावर ठेवला, भोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: 'कृपया बाकावर बसू नये'. आईंना लाभार्थी म्हणून स्टेजवर बोलावलं, गुच्छ दिला, माइक दिला. त्यांनी एकच विचारलं, "बाक परत कधी आणताय?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिठ्ठीमास्तरांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतला. आता बाक गावोगावच्या प्रदर्शनांत फिरणार म्हणे. मी म्हटलं, मग आमच्या दाराशी दुसरा ठेवा. तर म्हणाले, एक बाक देणं म्हणजे दान झालं, आपण बदल घडवतो. असा संताप आला, वन्सं, की त्यांच्याच चिठ्ठ्या त्यांच्या तोंडावर चिकटवाव्या. आई अजून चारला खाली जातात. पहिले काही दिवस बाक होता तिथे कठडा धरून उभ्या राहायच्या. हेडमास्तरही उभे असायचे. गुडघे साथ देतील तोवर बोलायच्या आणि वर यायच्या. तक्रार केली नाही. केली असती तर मला सोपं गेलं असतं.

असो. भावोजींना नमस्कार.

तुमची,
समाजसुधारक भावजय

ता.क. १ : तुमच्या गॅलरीत जो लाकडी बाक आहे (मूळचा आमच्याच घरातला, नेलात तेव्हा मी काही बोलले नव्हते, आताही बोलत नाही), तो टेम्पोत घालून पाठवून द्यावा. पत्राचं कारण एवढंच.

ता.क. २ : मला आईंचा पुळका आलाय असं समजू नये. त्या खाली असल्या की मला घरात शांतता मिळते, म्हणून. तूर्त स्वयंपाकघरातल्या खुर्च्या मीच रोज खाली नेते आणि वर आणते. कंबर त्यातच धरली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली होती. आता ते मला बघून जिना बदलतात.

ता.क. ३ : हे अक्षर तुझ्या आईचं आहे. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं होतं, मी वाचलं. चहा गरम असतो. ती मुलं इतकी मन लावून लिहून घेत होती, की मी चार गोष्टी जास्तच सांगितल्या. बाक पाठवू नकोस. बाकासाठी टेम्पो बघशील, त्यापेक्षा तू ये. चार वाजता मी खालीच असते.