लाभार्थीची सही

६ एप्रिल, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. सेवादीप क्लब, शेलूबाजारचा अध्यक्ष या नात्याने मलाही ते टाळता येणार नाही. जूनअखेर माझं अध्यक्षपद संपतं. त्याआधी सुवर्णसेवा चषक माझ्या दुकानाच्या शोकेसमध्ये आला पाहिजे. शोकेसमधले मिक्सर काढून जागा करून ठेवली आहे.

आज लोकार्पण सोहळा उत्साहात संपन्न. मागच्या अध्यक्षाने चष्मे वाटले, त्याच्या आधीच्याने सायकली. मी वातानुकूलित शवपेटी आणली. लेकरं परगावी, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, ती येईपर्यंत देह ठेवायचा कसा, हा विचार आजवर कोणी केलाच नव्हता. पेटी विजेवर चालते. खाली चाकं, वर काच. फ्लेक्सवर मधोमध माझा हसरा फोटो, भोवती झेंडूची चौकट, खाली मजकूर: 'जास्तीत जास्त नागरिकांनी लाभ घ्यावा ही नम्र विनंती.' लोक थांबून थांबून वाचत होते. संध्याकाळी मंगरूळपीरहून दोन जुनी गिऱ्हाईकं घरी आली, पांढरे कपडे घालून. दार मीच उघडलं. मला पाहून दोन पावलं मागे सरकली. निता म्हणाली, चौकटीचं तुम्हाला आधीच सांगितलं होतं. बायकोला डिझाइनमधलं कळत नाही.

८ एप्रिल

फॉर्म छापून आले. पाचशे. सचिव हरीओम सर शाळेत शिकवतात, त्यामुळे कागदपत्रांचं काम त्यांच्याकडे. त्यांनी मागच्या वर्षीचा चष्म्याचा फॉर्म घेऊन 'चष्मा' खोडला आणि 'शवपेटी' लिहिलं. वेळ वाचला. रकाने: लाभार्थीचे नाव. वय. यापूर्वी शवपेटी वापरली आहे काय? शवपेटी जवळची हवी की लांबची? लाभार्थीचा अभिप्राय. लाभार्थीची सही. सगळ्यात खाली तारीख, ती क्लबने भरायची. निता हसत सुटली. मी म्हटलं, फॉर्म सर्वसमावेशक आहे.

१३ एप्रिल

लाभार्थी: शून्य.

चषक देणाऱ्या प्रांतपालांचं पत्र आलं. क्लबला भेट १८ मे, रविवारी. 'प्रत्यक्ष लाभार्थी नसलेला प्रकल्प चषकासाठी धरला जाणार नाही.' म्हणजे पाच आठवडे. या भागातली हवा नको तितकी चांगली आहे.

१६ एप्रिल

बाजारगल्लीत एक म्हातारे गेल्याचं कळलं. अर्ध्या तासात फॉर्म घेऊन पोचलो. तिथे तिरडी बांधणं चालू होतं. मी धाकट्या मुलाला म्हटलं की घाई नको, दोन दिवस आरामात ठेवता येतील. त्याच्या काकांनी दंडाला धरून मला रस्त्यापर्यंत आणून सोडलं. लोकांना सगळं झटपट उरकायची सवय लागली आहे. प्रबोधनाची गरज.

संकल्प: आधीपासून संपर्क ठेवणे. नवीन उपक्रम: 'रुग्णभेट'.

१९ एप्रिल

किन्हीराजाचे लखीरामकाका सीरियस असल्याचं समजलं. वडिलांचे दोस्त. जन्मभर पोस्टमन होते, वय चौऱ्याऐंशी. सफरचंदं घेऊन गेलो. काका खाटेवर, डोळे मिटलेले. उंची साधारण पाच फूट सात. पेटी सहा दोन. प्रश्न नाही.

काकू म्हणजे हिरीबाईंना खूप बरं वाटलं. म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचं कोण येते बापा पाहाले." मन भरून आलं. समाजसेवेत असे क्षण येतात.

२५ एप्रिल

आज चौथी भेट. काका उशीला टेकून बसले होते. हे अनपेक्षित होतं.

माझ्याकडे बघून म्हणाले, "रविकांत, तू सफरचंद देतं मले अन् डोयानं माप घेतं. मले समजत नाई काय?" मी म्हटलं, गैरसमज आहे. तेवढ्यात खिशातला फॉर्म खाली पडला. काकांनी मागून घेतला, चष्मा लावला आणि पत्त्यासारखा शब्द न् शब्द वाचला. 'जवळची की लांबची'पाशी त्यांना हसू फुटलं. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता चेहरा जांभळा झाला. मी अर्धवट उठून उभा राहिलो. काकूंनी पाणी दिलं आणि ते सावरले.

मग म्हणाले, "मेलेल्या मानसाची सही कोण आनन रे? तू?" फॉर्म ठेवून घेतला, करमणुकीला म्हणून. मी दोन दिले.

१ मे

काका भाकर खाऊन राहिले आहेत. त्यांचा मुलगा किशन फोनवर फार खुशीत होता. मलाही आनंद झाला. काकू म्हणाल्या, "तुमच्या सफरचंदानं उठून बसला बुडा."

संकल्प: यापुढे बिस्किटं.

९ मे

लाभार्थी: शून्य. पेटी दुकानाच्या गोदामात कूलरच्या रांगेत उभी आहे. काल एक गिऱ्हाईक तिच्यावर टकटक करून विचारत होतं की यात कोल्ड्रिंकचे किती क्रेट मावतात. मी रागाने पेटीवर कापड टाकलं. पण प्रश्न डोक्यात राहिला.

आठवी रुग्णभेट. काका अंगणात बसून दोरी वळत होते. म्हणाले, "तुई तारीख कोनती आहे? अठरा ना? पाहू मंग." प्रांतपालांच्या भेटीचं मीच बोलून बसलो होतो; थट्टा करायची सवय आहे त्यांना. निघताना मात्र माझा हात धरून म्हणाले, "उन्हाचा टोपी घालत जाय." का कोण जाणे, बरं वाटलं.

१७ मे, शनिवार

उद्या प्रांतपाल. सत्तर पानं. आमरस, पोळी, कुरडई, वांग्याची भाजी. आचारी फुलचंद, किन्हीराजाचाच. सकाळी मंगल कार्यालयाचा फ्रीज बंद पडला. आमरसाचे सहा डबे, बाहेर पंचेचाळीस डिग्री. हरीओम सर डोक्याला हात लावून बसले.

अशा वेळी नेतृत्व दिसतं. पेटी कोरी आहे. आत स्टील आहे. थंडावा चार डिग्री. क्रेटवाल्याचा प्रश्न आठवला आणि उत्तरही सापडलं: डबे बरोब्बर सहा. फुलचंद म्हणाला, "भाऊ, मी त्याच्यात हात नाई घालत." शेवटी डबे मीच ठेवले. ही गोष्ट आम्हा तिघांतच राहील. फुलचंदकडून शपथ घेतली आहे.

१८ मे, रविवार, सकाळी ९.१०

किशनचा फोन. लखीरामकाका पहाटे गेले. झोपेतच. त्याची सुरतची बहीण उद्या सकाळी पोचेल, तोवर ठेवायचं आहे. "दादा, पेटी पाठवता का?"

दीड महिना या फोनची वाट पाहिली. म्हटलं, पेटी मेंटेनन्समध्ये आहे. संध्याकाळपर्यंत बघतो. तो "बरं दादा" म्हणाला.

शांतपणे विचार केला. एकीकडे सत्तर माणसं, एकीकडे एक. त्या एकाला तशी घाई नाही. अध्यक्षाला हा हिशेब करावाच लागतो.

दुपारी ४

भेट यशस्वी. प्रांतपालांनी तीन वाट्या रस घेतला. अभिप्राय वहीत लिहिलं, 'आमरस अप्रतिम. थंडावा उत्तम.' मग म्हणाले, पेटी दाखवा. डबे काढलेले होते, पुसलीही होती. त्यांनी झाकण उघडून आत वाकून पाहिलं आणि दोनदा नाक ओढलं. हरीओम सर म्हणाले, उदबत्ती, आंब्याची. प्रांतपालांनी विचारलं, वापरात आहे ना? मी म्हटलं, आजच वापरली. खोटं बोललो नाही.

संध्याकाळी ७

पेटी टेम्पोने किन्हीराजाला पाठवली होती. तशीच परत आली. टेम्पोवाला म्हणाला, किशनने वाशिमहून बर्फाच्या लाद्या आणल्या आहेत, पेटी नको म्हणतो. अंगणात फुलचंद बसला होता, म्हणे. शपथेला आजकाल किंमत उरली नाही.

१९ मे

अंत्ययात्रेला गेलो. टोपी घालून. बहीण सातला पोचली, तिला वडिलांचं तोंड बघायला मिळालं. किशन आणि शेजारचे लोक रात्रभर भुसा बाजूला करून लाद्या बदलत होते. अंगणात चिखल झाला होता. माझ्याशी कोणी भांडलं नाही. पोरं मला पाहून "आमरस" एवढंच पुटपुटत होती.

निघताना हिरीबाईंनी थांबवलं. मी मेंटेनन्सचं सांगायला लागलो, त्यांनी ऐकलं नाही. आतून एक लिफाफा आणून दिला. म्हणाल्या, "बुड्यानं सांगून ठेवलं होतं. रविकांत एवढ्या चकरा मारून राह्यला, त्याचा पयला नंबर आपनच लावू. म्हने त्याचीच पेटी आनजा. कागद भरून ठेवला त्यानं. टपालवाला होता, अर्धा कागद सोडे नाई."

लिफाफा रस्त्यात उघडला. माझाच फॉर्म. पोस्टमनचं गोल, सुटं अक्षर.

लाभार्थीचे नाव: लखीराम. वय: ८४. यापूर्वी वापरली आहे काय: नाही, पहिलीच वेळ. जवळची की लांबची: 'लांबची'वर टिक. अभिप्राय: थंडावा उत्तम. तक्रार नाही. खाली सही.

गाडी बाजूला लावून बसलो. आजवर या रोजनिशीत लाज हा शब्द आला नव्हता. आज वाटली.

३१ मे

मासिक अहवाल पाठवायचा शेवटचा दिवस. हरीओम सर म्हणाले, फॉर्म सहीनिशी पूर्ण आहे, सरळ एक लाभार्थी दाखवा. अख्ख्या प्रांतात लाभार्थीची सही असलेली शवपेटी आपलीच. मुद्दा बरोबर होता. पेन्सिलीने तारखेत १८ मे लिहून पाहिलं. मग खोडलं.

अहवाल: शवपेटी, लाभार्थी शून्य. आमरस, लाभार्थी सत्तर.

निताने न विचारता शोकेसमध्ये मिक्सर परत लावले. फॉर्म गल्ल्याच्या खणात ठेवला आहे. त्यांनी एकही रकाना सोडलेला नाही. फक्त तारीख तेवढी रिकामी आहे, ती आम्ही भरायची होती.