वन्संचं माप

प्रिय वन्सं,

पत्र पाहून दचकू नका, भांडायला लिहिलेलं नाही. तुमची भाची ठणठणीत आहे. दूध पिता पिता मांडीवरच झोपलीय, म्हणून एका हाताने लिहितेय. अक्षराला हसायचं नाही.

ती बारा दिवसांची असताना तुम्ही झबलं शिवून आणलंत, तर पोटावर बटण लागेना. पोर बाळसं धरतेय म्हणून आम्ही सगळे खूश. तुम्ही मात्र टेप काढून बसलात. परवा घेतलेल्या मापापेक्षा पोट दोन बोटं जास्त आणि मांड्या होत्या तेवढ्याच, असं कुठे असतं, म्हणालात. उजवा पाय सरळ केला की कळवळते, सोडला की पुन्हा पोटाशी घेते, हेही तुम्हीच दाखवलंत. मी झोपेला आचवलेली बाळंतीण, फाडकन बोलले, की शिवणात माप चुकलं तर कबूल करा, माझ्या लेकीत खोट काढू नका. तुम्ही सरळ गाडी बोलावलीत. वाटेत तिला हिरवी उलटी झाली आणि मग मीच ड्रायव्हरला घाई करू लागले.

डॉक्टरांना आधी आतड्याचा जंतुसंसर्ग वाटला. दूध बंद करून सलाइन, अँटिबायोटिक सुरू केलं. तरी पोट फुगतच गेलं, उजवीकडे लाल झालं, तेव्हा ऑपरेशन केलं. आत अपेंडिक्स फुटलेलं! ते काढलं, पू धुऊन काढला. इतक्या लहान बाळाला हे क्वचितच होतं आणि बहुतेकदा पोट उघडल्यावरच कळतं, म्हणाले. बाळाला वेळेवर आणलं म्हणून त्यांनी मला शाबासकी दिली, आणि तुम्ही शेजारी उभ्या असताना मी ती घेतली. घरी आल्यावरही 'आईची नजर' म्हणून माझंच कौतुक. तुम्ही मात्र यायच्या थांबलात.

आज तपासणीला गेलो होतो. डॉक्टर शिकाऊ मुलींना सांगत होते, बघा, हिच्या आईने ओळखलं. मला राहवेना. तुमच्या भावासमोर, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की आईने नाही, हिच्या आत्याने ओळखलं; आई तर भांडत होती. एवढं कळवायलाच हे पत्र. वन्सं, माझी लेक आज आहे ती तुमच्यामुळे. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. माझ्यावरचा राग हवा तर राहू द्या, पण तिच्यासाठी या.

तुमचीच भांडकुदळ,
वहिनी